पाझरणाऱ्या तलावाच्या पायथ्याला आरसीसीची भिंत बांधावी का?

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या एका गावचा मातीचा तलाव, वय साठीच्या पुढं, पाळीची उंची ९ मीटरच्या आसपास. गेल्या पावसाळ्यात पाळीच्या बाहेरच्या उताराचा तीसेक मीटरचा तुकडा घसरला. पायथ्याला बारा महिने ओल असते आणि दोन ठिकाणी पाणी उघड झिरपतं. पंचायतीच्या हातात दुरुस्तीचे पैसे आले आहेत. कंत्राटदार म्हणतो, पायथ्याला ३ मीटर उंच आरसीसीची भिंत मारू. गळतीही थांबेल आणि घसरणंही थांबेल. भिंतीला भोकं ठेवू नका, त्यातनंच पाणी गळेल, हाही त्याचाच सल्ला. त्याचं ऐकावं का? आणि पाळीवरचं जुनं जांभळीचं झाड तोडावं का?

तो म्हणतो तशी भिंत बांधू नका. भिंत लागणारच नाही असं मी म्हणत नाही. पण तुमच्या कामात ती शेवटी येते, आणि बिनभोकांची तर कधीच येत नाही. मी तीसेक वर्षं लघु पाटबंधाऱ्याच्या कामांवर काढली, बहुतेक खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी याच पट्ट्यात. पायथ्याला बांधलेल्या भिंती फुगताना आणि पडताना पाहिल्या, आणि त्यातली एक माझ्याच हातची होती. तिची गोष्ट पुढं सांगतो.

मातीचं धरण म्हणजे सिमेंटचा हौद नव्हे. ते पाझरतंच, चांगलं बांधलेलंही पाझरतं. पाणी पाळीच्या पोटातनं हळूहळू उतरत जातं आणि पोटात ओल्या-कोरड्या मातीची एक हद्द तयार होते. पायथ्याला दगडाची चर आणि गाळणी (माती अडवून पाणी सोडणारे वाळू-खडीचे थर) ठेवतात ती याचसाठी, की ही हद्द उताराच्या आतच खाली यावी आणि पाणी स्वच्छ होऊन चरीतनं निघून जावं. तुमच्या तलावालाही बांधताना चर असणार. ती आज सापडायची नाही, कारण साठ वर्षांत ती गाळानं बुजली असेल, किंवा कुणीतरी भाताचं वाफं पार पाळीच्या मुळाशी आणून भिडवलं असेल. (खानापूर-जांबोटी भागात मी पाहिलेल्या दहा तलावांतल्या सात-आठ ठिकाणी हेच होतं. पाळीखालची जागा सरकारी असते, पण नांगर तिला विचारत नाही.) चर बुजली की ओलीची हद्द वर चढते आणि उतारावरच बाहेर पडते. माती जड होते, तिची पकड सुटते, आणि आषाढ-श्रावणात एका रात्री तुकडा खाली बसतो. तुमच्याकडं तेच झालं. म्हणजे ओझं पेलवलं नाही म्हणून उतार घसरलेला नाही. पाण्याला बाहेर पडायची वाट राहिली नाही म्हणून घसरला.

आता त्याच ठिकाणी बंद भिंत उभी करा. उरलीसुरली वाटही बुजली. पाणी भिंतीमागं साठणार.

साठलं तर काय होतं, याचा हिशेब कागदावर मांडून पाहू. ३ मीटर उंच भिंत, मागं मुरूम, घनमीटरला १.८ टन वजनाचा, पाण्याचा निचरा नीट होणारा. धावत्या एका मीटरला आडवा जोर येतो साधारण २.७ टन. तीच भिंत, तोच मुरूम, पण मागं पाणी माथ्यापर्यंत कोंडलेलं: नुसत्या पाण्याचा जोर ४.५ टन आणि बुडालेल्या मातीचा दीड टन, मिळून ६ टन. दुपटीहून जास्त. हा हिशेब मागची जमीन सपाट धरून केला. तुमच्याकडं भिंतीमागं लगेच पाळीचा उतार चढतो. तो एकास दोन (उभा एक, आडवा दोन) असेल तर कोरड्या मातीचाच जोर दीडपटीहून अधिक होतो. कंत्राटदाराच्या आराखड्यात कुठला आकडा धरलाय ते विचारा. बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेच्या भिंतीचा तयार नकाशा आणून चिकटवलेला असतो, आणि त्यात पाणी धरलेलंच नसतं.

माझी गोष्ट अशी. नोकरीची पहिली चार-पाच वर्षं. एका तलावाच्या मोरीच्या (पाळीखालनं पाणी बाहेर सोडायच्या वाटेच्या) तोंडाजवळ अडीच मीटरची दगडी भिंत बांधली. भोकं ठेवली होती, नकाशात होती म्हणून. पण भोकांमागची गाळणी घातली नाही. मार्च संपत आलेला, वाळू मिळेना, मुरूम समोर पडलेला. तोच ढकलून दिला. पहिल्याच पावसाळ्यात मुरमातली माती भोकांत येऊन बसली आणि भोकं लिंपल्यासारखी बंद झाली. दुसऱ्या पावसाळ्यात आमचे म्हातारे मेस्त्री मला बोलवायला आले. म्हणाले, "सायब, भिंतीला पोट आलंय." जाऊन पाहिलं तर मधला भाग चार बोटं बाहेर. त्यांनी पहार घेतली आणि खालच्या ओळीतलं एक भोक मोकळं केलं. चिखलाची चिळकांडी हातभर लांब उडाली. भिंत त्या वर्षी पडली नाही, पण पुढं पाडून नव्यानं बांधावी लागली. खर्चाचा खुलासा कुणी मागितला नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तेव्हा भिंतीचं नाव काढण्याआधी पाण्याची चौकशी करा. झिरपणारं पाणी गढूळ आहे की नितळ? एक काचेची बाटली भरा आणि रात्रभर ठेवा. तळाशी माती बसली, तर पाणी पाळीच्या पोटातली माती उचलून नेतंय. आत बोगदा पडू लागला आहे, आणि तिथं एक दिवसही वाया घालवू नका. पाणी नितळ असेल तर धीरानं मोजमाप करा. पायथ्याच्या ओघळावर पत्र्याची पट्टी बसवा, तिला काटकोनी इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडा आणि खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजा. ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी जातंय, १० सेंटिमीटर असेल तर सुमारे साडेचार लिटर. मोजताना तलावाची पातळीही त्याच ओळीत लिहा. तलाव भरताना झिरपा वाढला आणि उतरताना कमी झाला तर ते समजण्यासारखं आहे. पातळी तीच असताना झिरपा वाढत चालला, तर आत काहीतरी बिघडतंय. वहीला पन्नास रुपये पडतात, पण तलावावर वही ठेवणारी गावं मी हाताच्या बोटांवर मोजली.

पाणी नेमकं कुठनं येतंय हेही पाहा. तुमच्या दोन जागांतली एक जरी मोरीच्या रेषेत असेल, तर सगळं सोडून आधी तिकडं लक्ष द्या. मातीच्या धरणात सगळ्यांत नाजूक जागा मोरीची, कारण तिथं मातीच्या पोटातनं दगडाचं किंवा पाइपाचं बांधकाम आरपार गेलेलं असतं आणि त्या दोघांचा सांधा कधीच पक्का जुळत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याच्या मुळाशीही धरणाच्या पोटातल्या विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीच्याच, बांधकामाचं खचणं होतं. जुलै २०१९ मध्ये चिपळूणजवळचं तिवरे धरण रात्री फुटलं. गळतीच्या तक्रारी गावानं त्याआधीच केल्या होत्या. नंतर खापर खेकड्यांवर फोडलं गेलं आणि लोक हसले. खेकडे, उंदीर, घुशी पाळीला बिळं पाडतात हे मात्र खरं आहे. ती बिळं वर्षानुवर्षं बुजवायची राहतात, आणि त्यात खेकड्यांचा दोष नाही.

आपल्या भागातल्या मातीबद्दल थोडं. पूर्वेला, गोकाक-रायबागकडं जाल तशी काळी माती लागते. ती पाणी धरते खरी, पण पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. भिंतीमागं ती कधीच भरू नका, फुगताना भिंत ढकलते. तुमच्या पश्चिम भागात जांभा आणि त्याखाली पांढरी-गुलाबी मऊ माती, काही लोक तिला शेडी म्हणतात. जांभा वरनं टणक दिसतो, पण आत नळ्यानळ्यांचा, पाणी त्यातनं सहज पळतं. खालची मऊ माती पाण्याबरोबर साबणासारखी वाहून जाते. जांभ्यावर भिंतीचा पाया टेकवून "दगड लागला" म्हणणारे मेस्त्री मी पाहिलेत. दगड लागला, पण पाणी भिंतीखालनं गेलं. म्हणून पाया खणण्याआधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन खाली काय आहे ते पाहा. खानापूरची चिकणमाती कौलांसाठी आणि मडक्यांसाठी नावाजलेली आहे. तशी माती गावाजवळ मिळाली तर पाळीच्या आतल्या बाजूच्या भेगा आणि बिळं बुजवायला तिच्यासारखी दुसरी नाही. बाहेरच्या बाजूला मात्र ती नको. बाहेर पाणी अडवायचं नाही, सोडायचं आहे. कंत्राटदाराला हे उलटं वाटेल. समजावून सांगा.

मी असतो तर काम असं काढलं असतं.

सुगी आटोपली की तलाव हळूहळू उतरवायचा. माझा ठोकताळा दिवसाला एक फूट, त्याहून जास्त नाही. घाईनं मोरी पूर्ण उघडली तर आतल्या बाजूची भिजलेली माती पाण्याचा आधार जाताच कोसळते, आणि तुम्ही बाहेरची दुरुस्ती करायला जाऊन आतली मागून घेता. मग घसरलेली माती पूर्ण काढायची. वरच्यावर नवी माती थापली तर दोन थरांमध्ये घसरगुंडी तयार होते. मूळ घट्ट पाळ लागेपर्यंत जायचं, आणि तिला अर्ध्या-पाऊण मीटरच्या पायऱ्या पाडायच्या, म्हणजे नवी माती जुन्यात अडकून बसेल. एकाच वेळी अख्खे तीस मीटर उघडू नका. पायथ्याची माती म्हणजे वरच्या उताराला लावलेला टेकू. तो एकदम काढला तर उरलेली पाळ कुशीवर येईल. तीन-चार मीटरचा एक तुकडा उघडायचा, भरायचा, मधला सोडून पुढचा घ्यायचा, मग मधले. वेळ लागतो. कंत्राटदाराला हे आवडत नाही, कारण जेसीबी रोजाच्या भाड्यानं असतो.

पायऱ्यांवर आधी गाळणी: जाड वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी, आणि पायथ्याला दगड. साधा नियम असा, की गाळणीतले बारीक कण तिच्या मागच्या मातीतल्या जाड कणांच्या चार-पाच पटींहून मोठे नसावेत, नाहीतर माती गाळणीतनं निसटते. आता वाळू मिळत नाही म्हणून क्रशरची डस्ट आणून टाकतात. ती गाळणीत चालत नाही, कारण तिच्यातली पूड सिमेंटासारखी बसते आणि निचरा बंद होतो. धुतलेली एम-सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्या, आणि ती खरंच धुतलीय का हे बादलीत ढवळून बघा. वर मुरमाचा भराव, दाबून १५ ते २० सेंटिमीटरचे थर, प्रत्येकावर रोलर. ओल किती हवी, हे प्रयोगशाळा सांगेलच. जागेवर मूठ आवळली की लाडू व्हावा आणि कमरेइतक्या उंचीवरनं टाकला की फुटावा. चिखल झाला तरी नको, पूड राहिली तरी नको.

जागा असेल तर पायथ्याला भिंतीऐवजी या भरावाचाच रुंद ओटा करा, दोन-तीन मीटर उंच, बाहेर दगडाच्या चरीपर्यंत. तो आपल्या वजनानं उतार दाबून धरतो आणि पाणीही सोडतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पाळीपासून देवळाच्या वाटेपर्यंत मला सहा-सात मीटर तरी मोकळे दिसतात. मग भिंत कशाला?

जागा अगदीच नसली, तर माझी पहिली पसंती जाळीत भरलेल्या दगडांच्या भिंतीला. गॅल्व्हनाइज्ड तारेच्या पेट्या, मीटरभर रुंद-उंच, पायऱ्यांनी मागं सरकत जाणाऱ्या, मागं न विणलेलं जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी सोडणारं कापड). जमीन थोडी बसली तर ती वाकते, फुटत नाही, आणि पाणी अडवायचा प्रश्नच नाही. फक्त आत जांभा भरू नका; काळा दगड, वीतभर आकाराचा, हातानं रचून. जांभ्याची पेटी चार-पाच पावसांत पिचून बसते. आरसीसी भिंत खरी शोभते ती मोरीच्या तोंडाला, सांडव्याच्या (जादा पाणी वाहून जायच्या वाटेच्या) दोन्ही अंगांना आणि रस्ता पाळीला चिकटून गेला असेल तिथं. तिथं ३ मीटरच्या भिंतीला तळ दोन मीटरच्या आसपास रुंद लागेल, दर सहा ते दहा मीटरवर सांधा, आणि भोकं: ७५ ते १०० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप, दीड-दीड मीटरवर, एकाआड एक ओळीत, बाहेरच्या बाजूला किंचित उतरते. प्रत्येकामागं गाळणी. भिंतीपासून मीटर-दीड मीटरमध्ये मोठा रोलर नेऊ नका, तिथं माती दाबायचं छोटं प्लेट कॉम्पॅक्टर. मोठ्या रोलरनं ताजी भिंत ढकललेली मी पाहिली आहे.

"कोयनेला काँक्रीटचा आधार दिला, तो चालला, मग आमच्या तलावाला का नाही?" हा प्रश्न मला दर दोन वर्षांनी कुणीतरी विचारतंच. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले आणि नंतर त्याच्या मागच्या अंगाला काँक्रीटचे आधारखांब दिले, हे खरं. पण कोयना काँक्रीटचं आहे. तिथं ताठ अंगाला ताठ आधार दिला. तुमची पाळ मातीची, तिला उन्हाळ्यात एक अंग आणि पावसाळ्यात दुसरं.

सांडव्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी विचारतो. भाताला शेवटचं पाणी मिळावं म्हणून कोडीवर, म्हणजे सांडव्यावर, वाळूची पोती लावता का? लावत असाल तर कितीही भिंती बांधा. मातीची पाळ वरनं वाहिली की काही तासांत जाते. पाळीचा माथा कुठं बसलाय तेही लेव्हल मशीननं पाहून घ्या. घसरलेल्या भागात तो अर्धा फूट खाली असेल तर पुराचं पाणी पहिलं तिथनंच उतरणार.

जांभूळ. खोड मांडीएवढं झालं असेल तर नुसतं तोडून मोकळं होऊ नका. मुळं आत कुजतात आणि कुजलेल्या मुळाच्या जागी पाण्याला तयार नळी मिळते. तलाव उतरलेला असताना झाड मुळासकट काढा आणि खड्डा थराथरानं दाबून भरा. एवढं करायची तयारी नसेल तर सध्या राहू द्या, नवी रोपं मात्र वाढू देऊ नका. सुशोभीकरणाच्या नावाखाली पाळीवर झाडं लावायची टूम निघालीय, तिला ग्रामसभेत हात जोडून नाही म्हणा.

कागदांचं थोडक्यात. कर्नाटकात ४० हेक्टरपर्यंत लाभक्षेत्राचे तलाव जिल्हा पंचायतीकडं, त्याहून मोठे, २००० हेक्टरपर्यंतचे, लघु पाटबंधारे खात्याकडं. तुमचा कुठल्यात बसतो ते पाहून त्यांच्या अभियंत्याची सही नसताना पाळीला फावडं लावू नका. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागतो, आणि काही अटी पुऱ्या केल्या तर १० ते १५ मीटरच्यांनाही. तुमची ९ मीटरची पाळ त्यात येत नाही, म्हणून पावसाळ्याआधीची आणि नंतरची तपासणी गावालाच मागून घ्यावी लागेल. अंदाजपत्रक कन्नडमध्ये येईल. त्यात एरी म्हणजे पाळ, तूबु म्हणजे मोरी, कोडी म्हणजे सांडवा. वाचणारा माणूस शेजारी घेऊन प्रत्येक ओळ वाचा, आणि गाळणीची ओळ आहे का ते आधी शोधा. नसेल तर अंदाजपत्रक परत पाठवा.

वेळेचं गणित कडक आहे. जानेवारीत तलाव उतरवायला घेतला तर मे अखेर भराव पुरा होतो. मृग निघायच्या आत वरची पाळ झाकून, गवत लावून, चर मोकळी झालेली पाहिजे. कणकुंबीकडून पाऊस सुरू झाला की तुमच्याकडं उसंत मिळत नाही. एप्रिलच्या शेवटी निम्मं काम झालं नसेल, तर पुढचे तुकडे उघडूच नका, उघडलेले भरून बंद करा आणि उरलेलं पुढच्या वर्षावर टाका. अर्धवट उघडी पाळ जुलैत ठेवण्यापेक्षा जुनी गळकी पाळ बरी. पावसाळ्यात कुठं पाणी उकळल्यासारखं वर येताना दिसलं तर त्यावर माती टाकून दाबू नका. भोवती पोत्यांचं कडं करा, आत वाळू, वर खडी, वर दगड, आणि पाणी त्यातनं नितळ होऊन वाहू द्या. मग अभियंत्याला फोन करा.

राहिला कंत्राटदाराचा भोकांबद्दलचा आक्षेप. मोरीच्या तोंडाला आरसीसी भिंत बांधायचीच झाली तर काम उतरवून घेताना एक टँकर मागवा आणि भिंतीमागच्या गाळणीत वरनं हळूहळू सोडा. खालच्या ओळीतली भोकं पंधरा-वीस मिनिटांत वाहू लागली पाहिजेत, आणि पहिलं गढूळ पाणी गेल्यावर नितळ यायला पाहिजे. एखादं भोक कोरडं राहिलं तर त्यात सळई घालून बघा, मागं खडी लागते की माती. माती लागली तर शेवटचं बिल अडवून ठेवा आणि तेवढा तुकडा मागनं उकरायला लावा.